बधिर ओठ, जागी दाढ

"अण्णा, तुमच्या जबड्यात नसेची वाट एक नाही, दोन आहेत," डॉक्टरीणबाई स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या. असं ऐकून माणसानं घाबरावं. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

याला बायफिड मँडिब्युलर कॅनाल म्हणतात. खालच्या जबड्याची नस हाडातल्या एका नळीतून जाते. काहींच्या नळीला फाटा फुटलेला असतो. मग इंजेक्शननं एक नस झोपते, दुसरी जागी राहते. माझा फाटा साध्या एक्स-रेत दिसलाच नव्हता. सीबीसीटीत, म्हणजे जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, तो सापडला.

त्याआधी दुसऱ्या दवाखान्यात दोनदा दाढ काढायला बसलो आणि दोन्ही वेळा पळालो. "ओठ बधिर झालाय ना? मग दुखेल कसं?" तिथले डॉक्टर म्हणाले. "भीती आहे, दुसरं काही नाही."

चूक माझीही होती. सात रस्ता चौकात माझं साड्यांचं दुकान आहे. स्वतः पदर घेऊन, कधी नवरी तर कधी सासू होऊन मी साडी विकतो. दाढेचंही तसंच केलं. सुई, पक्कड, किंकाळी, सगळं साभिनय. गिऱ्हाइकं म्हणायची, "अण्णा, ते इंजेक्शनचं परत करा की." मी करायचो. मग आत जाऊन साड्यांच्या गठ्ठ्याला गाल टेकून बसायचो. बाहेरून हाक आली की आवाजात हसू आणून ओ द्यायचो.

एकदा बायकोला अगदी हळू सांगितलं, खरंच दुखतंय. ती म्हणाली, "आज लई भारी जमलंय की तुमाला." पुन्हा तो विषय काढला नाही. मऊ भात मागितला की तिला वाटायचं, पोट बिघडलंय.

तुमचाही ओठ बधिर आणि दाढ जागी राहत असेल, तर डॉक्टरांना स्कॅनबद्दल विचारा. आणि सांगताना नकला करू नका.

दाढ काढायला एकटाच गेलो. या वेळी सुई आणखी वर, नसेला फाटे फुटण्याआधी दिली. बाई म्हणाल्या, "दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन."

मधेच मी हात वर केला. पक्कड जागच्या जागी थांबली.

"दुखतंय?"

मी मान हलवून नाही म्हटलं. थांबतात का, एवढंच बघायचं होतं.