मागच्या दाराशी ठेवलेली बादली

आमच्या घरात मागच्या दाराशी बादली दिसली की ती लिंबोणीची, हे लातुरात सून म्हणून आले त्याच आठवड्यात मला कळलं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कपडे शेवटचे खळबळलेलं, सगळं पाणी तिथं येऊन थांबायचं आणि सासूबाई ते तांब्यातांब्यानं झाडाच्या आळ्यात सोडायच्या. माझं माहेर नांदेडचं, गोदावरी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथं वापरलेलं पाणी मोरीत जायचं आणि पुढं त्याचं काय होतं हे कुणी विचारत नसे. इथं नळ आठवड्यानं येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आम्ही मोठ्या परातीत बसून आंघोळ करत होतो आणि ते पाणीसुद्धा लिंबोणीला जात होतं. "साबण कमी लाव, झाडाला सोसत न्हाई," असं सासूबाई मुलाला न्हाणीच्या दाराबाहेरून बजावायच्या. मुलगा म्हणजे माझा नवरा, तेव्हा चाळिशीतला.

झाड त्या उन्हाळ्यातही जगलं. गल्लीत निम्म्या घरांचं लोणचं आमच्या लिंबांचं असायचं.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ही कल्पना मात्र नांदेडची. तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात माझ्या बऱ्याच खेपा झाल्या आणि दर खेपेला ताटकळत बसावं लागलं. बाकड्यासमोर काचेची टाकी होती. आत खडक, त्यावर हलणारं काहीतरी मऊसं, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे. मी मोबाइल पिशवीत ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचे. माझं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं आणि आमच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास शांत बसायला सांगितलं होतं. जप मला जमत नाही. योगाच्या वर्गात बायका बोलत राहतात. मासे जमतील असं वाटलं. टाकीला फार कष्ट पडत नाहीत, नीट आखून केली तर पंधरवड्यातून एकदा थोडं पाणी बदललं की झालं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. नीट आखून करणं मला येतं. विमा कार्यालयात आयुष्य त्यातच गेलं आहे.

मी महिनाभर वाचलं, विचारलं, व्हिडिओ पाहिले. लहान टाकी सोपी वाटते, पण तिच्यातलं पाणी लवकर बिघडतं, म्हणून मध्यम घ्यायची. मासे दोनच. सोबत एक झिंगा आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई. हीटर आपल्याकडे नको, उलट पाणी गार ठेवायला वर छोटा पंखा हवा. लाइट गेली तर हवेचा पंप इन्व्हर्टरवर. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, समुद्री टाक्यांसाठीचं वेगळं मीठ मिळतं, ते आरओच्या पाण्यात कालवायचं आणि खारेपणा मापकानं मोजायचा. पाणी उडून कमी झालं की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ उडत नाही, ते आतच राहतं. हे शेवटचं वाक्य मी नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं होतं. मीठ आतच राहतं.

सासूबाईंना सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आमचं घर लिंगायताचं, उंबऱ्याच्या आत कधी अंडंही आलेलं नाही.

"मासे?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरात?"

"खायचे नाहीत, आत्याबाई. बघायचे आहेत."

"बघून बघून कुणाला खाऊ वाटले म्हंजे?"

"बोटाएवढे मासे," नवरा म्हणाला. "त्यात काय पोट भरतंय."

"तू बोलू नको. दुकानाचा माल आणायला नांदेडला जातोस तवा काय खातोस ते म्हाईत हाय मला."

नवऱ्यानं ताटात बघून भाकरी मोडली. सासूबाईंनी परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र टाकी दिवाणखान्यात कुठं ठेवली तर देवाच्या खोलीतून दिसणार नाही, हे त्यांनीच मला दाखवलं.

फेब्रुवारीत टाकी आली. मासे आणण्याआधी टाकी निदान महिना-दीड महिना नुसती चालवायची असते, पाणी मुरू द्यायचं असतं. पहिल्यांदा माझं मिठाचं माप चुकलं, पाणी फारच खारट झालं, म्हणून ते काढलं. मग खडक घातले. त्यांच्यावर आलेले बारीक जीव मरून पाण्याला वास सुटला. नांदेडचा दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, घाबरू नका, थोडं थोडं बदलत राहा." मी बदलत राहिले. सकाळी ऑफिसच्या आधी नळीनं पाणी काढायचं, बादली भरायची, तेवढंच नवं पाणी ओतायचं, आणि भरलेली बादली मागच्या दाराशी ठेवून बसस्टॉप गाठायचा. संध्याकाळी येई तेव्हा बादली रिकामी, धुऊन उपडी घातलेली असे. टाकीच्या बाबतीत मी शंभर गोष्टी ठरवल्या होत्या. काढलेलं पाणी कुठं जाईल हे ठरवलं नव्हतं, कारण ते आमच्या घरात फार आधीच ठरलेलं होतं.

मी तिथंच बादली का ठेवली याचा पुढं पुष्कळ विचार केला. टाकीत असेपर्यंत ते माझ्यासाठी समुद्राचं पाणी होतं. बादलीत आलं की नुसतं वापरलेलं पाणी. इतक्या वर्षांत वापरलेलं पाणी घेऊन हात दुसरीकडं वळलाच नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला लिंबोणीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग पानं आत वळली. ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं.

"करपायलंय गं," सासूबाई म्हणाल्या. "पाणी कमी पडायलंय त्याला."

"उन्हाचं असेल," मी म्हणाले.

त्या दिवसापासून त्या स्वतःच्या वाट्याचं पाणीही झाडाला द्यायला लागल्या. आंघोळ अर्ध्या बादलीत. आणि माझी बादली तर पहिल्यापासून सगळी लिंबोणीलाच. गुडघे दुखतात म्हणून पायरीवर बसून तांब्या लांबवत आळ्यात ओतायच्या. मी हे एका रविवारी पाहिलं होतं. पाहून चहा ठेवायला आत गेले होते.

पानं गळाली. छोटी छोटी फळं देठासकट पडली. नवरा बुरशीचं औषध घेऊन आला, तेही फवारून झालं. मग एक दिवस सासूबाईंनी मला मागं हाक मारली. आळं वाळलं होतं आणि मातीवर पांढरी साय धरली होती. त्यांनी ती बोटानं उचलून जिभेला लावली.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या.

त्या बोटाकडे बघत होत्या.

"तुझ्या माशांचं पाणी खारं असतंय का?"

"हो."

"मासे तर अजून आलेच न्हाईत."

"पाणी आधी करून ठेवावं लागतं, आत्याबाई."

त्यांनी बोट पदराला पुसलं. "मला वाटलं दिवा लावून काच दिसायलीय, तेवढंच हाय त्यात. साधं पाणी."

शेतीची औषधं विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराला मी लगेच फोन केला. तो म्हणाला, मुळं जिवंत असली तर एकच उपाय. भरपूर गोडं पाणी सोडायचं, मीठ खाली धुऊन जाईल इतकं, दोन-तीन वेळा. बादल्यांनी होणार नाही. मी टँकरवाल्याचा नंबर काढला. खाजगी टँकर आम्ही दर उन्हाळ्यात मागवतोच, नवीन काही नव्हतं.

"कशाला मागवायलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"झाडासाठी."

"समद्या गल्लीत नळाला थेंब न्हाई. लोक कळश्या घेऊन दारात उभे राहतेत, अन् आपण टँकर झाडाबुडी सोडायचा? तोंड दाखवता येईल का?"

"झाड मरेल, आत्याबाई."

"मरू दे," त्या म्हणाल्या. "झाडच हाय."

मी फोन खाली ठेवला. याच गोष्टीचा पस्तावा मला आजही होतो, बादल्यांपेक्षा जास्त. बादल्या नकळत झाल्या. फोन मी समजून उमजून खाली ठेवला. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, व्यवहाराला धरून होतं, आणि व्यवहाराचं ऐकायची मला सवय आहे. पण ज्या बाईनं रेल्वेच्या पाण्याच्या वर्षातही ते झाड जगवलं, ती 'झाडच हाय' म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, हे कळायला मला फार हुशारी लागत नव्हती. तिला विचारायलाच नको होतं. टँकर बोलवायचा, गल्लीला निम्मा वाटायचा आणि निम्मा झाडाला सोडायचा. ही साधी वाट मला जूनमध्ये सुचली, पाऊस सुरू झाल्यावर. तोवर फांदी वाकवली की कट्टकन मोडत होती.

झाड नवऱ्यानं तोडून घेतलं. सासूबाई त्या दिवशी जवळच्या मुरुडला बहिणीकडे गेल्या होत्या. तिची तब्येत बरी नाही म्हणाल्या. बहीण ठणठणीत होती, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मी टाकी विकायला काढली. तेव्हा त्याच म्हणाल्या, "झाड गेलं ते गेलं, आता मासे तरी आण. दोन्हीकडून रिकामं कशाला ठेवायलीस?" दिवाळीनंतर नांदेडहून दोन मासे आले. ठरवल्याप्रमाणे टाकी चालते आहे, कष्ट खरंच फार नाहीत. माझं ब्लडप्रेशर थोडं उतरलंय. दुपारी सासूबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात. "लई चपळ हाय हा," एवढं एकाबद्दल म्हणतात. लोणचं यंदा विकतच्या लिंबांचं घातलं. चवीला ते बरं झालं, पण गल्लीत वाटलं नाही.

पंधरवड्यातून एका रविवारी मी बादलीभर पाणी काढते. मागच्या दाराकडे जात नाही. दिवाणखान्यातून सरळ मोरीत नेते. आमच्या घरात पाणी मोरीत ओतल्याचा आवाज पूर्वी कधी होत नसे, आता चांगलाच घुमतो. मी बादली उचलली की सासूबाई रिमोट शोधतात आणि पाणी संपेपर्यंत टीव्ही मोठा करून ठेवतात.