सुमनताईंची अर्धी गोष्ट

दोन डॉक्टर भेटले की पेशंटचे किस्से निघतात. दोन लेखक भेटले की तिथं नसलेल्या तिसऱ्या लेखकाचे! आमच्या मंडळात सगळेच डॉक्टर आणि सगळेच लेखक. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की सांगायला बसलो तर ओपीडी बंद ठेवावी लागेल.

महिन्यातून एका रविवारी आम्ही गेवराईत दूध संघाच्या माडीवर जमतो. खाली दुधाचे कॅन, वर साहित्य.

* * *

आमचे डॉ. पठाण भूल देतात आणि गझला लिहितात. एकदा त्यांनी लांबलचक गझल संपवली, चष्मा काढला आणि सवयीनं पहिल्या रांगेतल्या, दूध संघाच्या चेअरमनसाहेबांच्या गालावर हलकेच टपली मारली.

"डोळे उघडा. नाव काय तुमचं?"

चेअरमननी दचकून नाव सांगितलं. वर गावही सांगितलं!

* * *

हाडांचे डॉ. खेडकर आपल्या कविता वॉर्डात वाचतात. तिथं श्रोता उठून जात नाही, हा त्यांचा हिशेब. एकदा प्लास्टरमधल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी लागोपाठ चार कविता ऐकवल्या. पाचवी काढली तसा म्हातारा म्हणाला, "डाक्टर, एक पाय चांगला हाय बरं का माझा!"

* * *

शिरूर कासारला बाळंतपणं करणाऱ्या आमच्या सुमनताईंनी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली. ती एकदा शेवटपर्यंत वाचायची आणि कुणीतरी ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा.

पहिल्या वेळी सुरुवात झकास झाली. सात महिन्यांची गरोदर बाई दुष्काळात घागर घेऊन निघते आणि चक्कर येऊन बांधावर पडते. ताईंनी श्वास घ्यायला थांबावं, तर खेडकर उठले.

"हिमोग्लोबिन किती होतं?"

"बीपी बघितलं का कुणी?" पठाण.

"अहो, ती गोष्टीतली बाई आहे!" ताई म्हणाल्या.

"म्हणून काय मरू द्यायची? गाडी पाठवा!" खेडकर.

केस डिस्कशन दोन तास रंगलं. बाई बांधावरच राहिली.

* * *

दुसऱ्या वेळी आम्हाला प्रश्न विचारायची बंदी होती. बाई बांधावर पडली आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला! त्या वर्षी गावात आठवड्याआड पाणी. आधी शिपाई पळाला, मग खेडकर, मग अध्यक्ष म्हणून बसलेले चेअरमन. जाताजाता त्यांनी दूध संघाचे रिकामे कॅन आम्हाला वाटले.

"ताई, गोष्ट कुठं पळून जात न्हाई," ते जिन्यातून ओरडले, "टँकर जातो!"

शेवटी ताईही कॅन घेऊन रांगेत आल्या. पाणी मिळालं याचा आनंद सगळ्यांना झाला, त्यांनाही. पण घरी जाताना त्यांनी गोष्टीचे कागद घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवले, आणि मला फार वाईट वाटलं.

* * *

त्यानंतर दर वेळी त्या वाचायला बसल्या की दवाखान्यातून फोन. मग मी ठरवलं, मंडळच ताईंच्या दवाखान्यात न्यायचं. कॉल आला तरी दोन पावलांवर! व्हरांड्यात सतरंजी टाकली. एका ऊसतोड कुटुंबाची सून आत अडली होती. तिची सासू सतरंजीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेली, बोचकी बांधून तयार.

ताईंनी वाचायला घेतलं. आमच्यापैकी कुणी ब्र काढला नाही. बाई बांधावर पडली. तिनं डोळे उघडले. दुरून कुणीतरी येताना दिसलं...

"मॅडम, लवकर या!" सिस्टरची हाक आली.

ताई कागद खुर्चीवर टाकून आत धावल्या. आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो.

तासाभरानं आतून रडण्याचा खणखणीत आवाज आला. ताई घाम पुसत बाहेर आल्या. "आजी, नात झाली. दोघी सुखरूप आहेत!"

म्हातारीनं हात जोडले. "लई उपकार झाले, बाई." मग सतरंजीवर पुढं सरकली आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"आता बसा इथं. त्या बांधावरच्या पोरीकडं कोण येत व्हतं, ते सांगा. आमची गाडी उद्या कारखान्याला निघतीय, मग मला कवा कळायचं?"