वीराच्या पाठीवर गोधडी
बाबा गेल्यावर मी आईला परभणीकडनं मोशीला आमच्याकडे आणलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तरी दाराजवळची तिची भरलेली पिशवी काही सुटेना. "आठ दिवस बघते, मग जाते," हे रोजचंच. गावाहून आणलेली गोधडी मळून पार कळकट झाली होती, पण वॉशिंग मशीनमध्ये टाकू देईल तर शपथ. "गोधडी काय डब्यात धुतात का? गावाकडं गेल्यावर धुवीन." मी चिडून पाहिलं, रडून पाहिलं. बाई हलायची नाही. आणि गावात तिला एकटीला ठेवायचं माझ्या जिवावर यायचं.

एका रविवारी सोसायटीतली हौशी मंडळी जवळच्या निघोजे गावापुढच्या तळ्यावर निघाली. पाणथळ जागा, पक्षी भरपूर, शिवाय काठावर कुठंतरी एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. आईला जवळजवळ ओढतच नेलं.

"काय बघायलेत हे?" दुर्बिणवाल्यांकडं बघत तिनं विचारलं.

"बगळे."

"मग डोळ्याला नळ्या कशाला? एवढाले तर दिसायलेत."

मी तिला कोपरानं ढोसलं. पुढचे दोघं हसले, त्यांनीही ऐकलंच होतं.

आमचे म्होरके चिंचवडचे एक काका. कंपनीतून रिटायर झाले ते थेट इतिहासात घुसले. त्यांच्यामागून आम्ही बाभळी धुंडाळल्या, पाणकणसांत शिरलो, चिखलात चपला घालवल्या. दगडाचा पत्ता नाही. मागं वळून बघते तर आईचाही नाही. तिला हाका मारत मी काठाकाठानं पळत सुटले.

सापडली ती पलीकडच्या काठावर. लुगडं खोचून, गुडघाभर भिजून, तिथल्याच गावातल्या एका बाईबरोबर त्या बाईची गोधडी धोपटत होती. तोंडाचा पट्टा सुरू. बाबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

काका मात्र खाली वाकले आणि धुण्याच्या दगडाची कड चाचपायला लागले. "अहो, हाच की तो," ते कसंनुसं म्हणाले.

"व्हय, त्योच," बाई शांतपणे म्हणाली. "तोंड खाली हाय त्याचं. आमी पाठीवर धुतो, तोंडावर कवाच न्हाई. दिवाळीला दिवा बी लावतो."

"वीर हाय ना?" आईनं पिळा घट्ट आवळला. "मग एवढा भार सोसंल की."

काकांना हसू आवरेना. मग आम्ही सगळ्यांनी तिथंच डबे उघडले.

पुढच्या रविवारी सकाळी उठून बघते, तर आई चपला घालून दारात. काखेत तीच कळकट गोधडी.

"कुठं निघालीस?"

"तळ्यावर. ती बाई ये म्हणली होती."

"गावाकडं धुणार होतीस ना?"

तिनं माझ्याकडं न बघता पदर खोचला. "इथंच धुते की आता."

मी साबण घेतला आणि स्कूटीची चावी शोधायला लागले. डोळे भरून आले होते, समोरची चावी दिसेना.