रुपालीच्या हातातली गाडी

घोटावड्याच्या साहेबरावाची जीप मारुंजीवरून हिंजवडीला जायची. मी परभणीहून नोकरीसाठी येऊन मारुंजीत भाड्याने राहत होतो आणि रोज तिच्यातूनच जायचो. साहेबराव हौशी, बोलघेवडा, चारचौघांतल्या मानाला फार जपणारा माणूस. पण ही हकिकत त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. रुपालीची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं.

जीपचं इंजिन टर्बोचं, म्हणजे हवा आत कोंबणारा पंखा बसवलेलं, डिझेलवरचं आणि वय झालेलं. इंजिनात इंधन जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑइलपाशी निसटतो. त्याला बाहेर पडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. टर्बोच्या गाडीत ती टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते. पण इंजिन झिजलं की वायूबरोबर ऑइलही वर येतं आणि टर्बोत जातं. म्हणून साहेबरावाने ती नळी तिथून काढून प्लॅस्टिकच्या बाटलीत सोडली होती आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं होतं. ऑइल बाटलीत साचायचं, वायू भोकातून निघून जायचा. बाटली रिकामी करायचं काम रुपालीचं.

"या येळंला लई आलंय. पिस्टनच्या रिंगा गेल्यात वाटतं," असं ती म्हणायची. साहेबराव हसायचा, "ऐका डाक्टरीणबाईचं!" आणि मेकॅनिकपुढे जाऊन तेच आपलं म्हणून सांगायचा.

तिला गाडी चालवायची होती. वर्षभर नवऱ्याचं डोकं खाऊन ती महाळुंग्याच्या माळावर शिकली, लायसनही काढलं. सकाळची फेरी त्याने करायची, दुपारची आपण, इतका साधा तिचा बेत. सासू आक्काबाईला तो अजिबात मान्य नव्हता. "गावात हसं करून घ्यायचंय का?" एवढंच म्हातारी म्हणायची आणि विषय तिथेच मिटायचा. शेवटी साहेबरावाने तोडगा काढला. दसऱ्याला पूजा झाली की शिलंगणाला गाडी रुपालीने न्यायची, सगळ्या गावासमोर. नीट नेली तर आई काय बोलणार? तिचं पुढचं सगळं त्या एका फेरीवर ठरणार होतं.

२००४ सालचा तो दसरा. दसऱ्याला गाडीला अशी अंघोळ घालतात की नवरदेवालाही मिळत नसेल. बॉनेट उघडून इंजिनसुद्धा धुतात. साहेबरावाने बाटली काढली आणि नळीत पाणी जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. पलीकडे चाक घासत बसलेल्या रुपालीने ते पाहिलं. मग तिला पूजेचं ताट करायला आत बोलावलं. दारात मंडळी जमली, झेंडूचे हार आले, साहेबराव गप्पांत रंगला आणि घाईघाईने त्याने बाटली परत जागेवर बसवली. बोळा आतच राहिला.

मीही त्या दिवशी मधल्या सीटवर होतो. रुपाली चालवायला, साहेबराव तिच्या शेजारी, मागे आक्काबाई आणि गावचे अण्णासाहेब. रुपालीने गाडी सुरेख काढली, गिअर कधी बदलला ते कळलंही नाही. पण आत वायूला वाट नव्हती. चढाला दाब वाढत गेला, टर्बोला वंगण म्हणून जाणारं ऑइल खाली उतरेना, ते हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं आणि इंजिन डिझेल सोडून आपलंच ऑइल जाळू लागलं. एकाएकी ते किंचाळायला लागलं, मागे पांढऱ्या धुराचा लोट. रुपालीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवून काढून घेतली. चावी तिच्या हातात आणि इंजिन चालूच! आम्ही उड्या टाकल्या. थोड्या वेळात मोठा आवाज झाला, खालून काळं ऑइल रस्त्यावर आलं आणि सगळं शांत झालं.

"तरी म्या सांगत व्हते, सायबा," आक्काबाई कडाडली. "बाईच्या हातात दिलीस आन् गेली गाडी!"

"एक्सलेटरवरचा पाय उचलला नसंल," अण्णासाहेबांनी निकाल देऊन टाकला.

साहेबरावाने बॉनेट उघडलं. बाटली काढली, नळीतून बोळा ओढला आणि खिशात घातला. धुरामुळे मी लांब होतो. हे मला पुष्कळ वर्षांनी रुपालीनेच सांगितलं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "जाऊ द्या, अण्णा. शिकाऊच हाय ती."

जीप भंगारात गेली. साहेबराव एका कंत्राटदाराच्या बसवर ड्रायव्हर झाला. रुपाली हिंजवडीतल्या एका ऑफिसात साफसफाईला लागली. दुसऱ्यांच्या जीपमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसलेली दिसायची. कुणी गमतीने, "वहिनी, चालवताय का?" म्हटलं की डब्याची पिशवी मांडीवर ओढून घ्यायची. मला त्या माणसांचा राग यायचा आणि तिची बाजू न घेणाऱ्या साहेबरावाचा त्याहून जास्त. गावात कुठल्याही बाईने गाडीचं नाव काढलं की लोक तिचंच उदाहरण द्यायचे.

२००९ मध्ये आक्काबाई वारली. तेराव्याला आलेले पाहुणे गेल्यावर साहेबराव बायकोपाशी येऊन बसला.

"तो बोळा माझ्याकडनंच राहिला व्हता," तो म्हणाला.

"ठावं हाय. खिशात घालताना बघितलं म्या."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"माझं कोन ऐकलं असतं? तुमी सांगाल म्हनून थांबले."

"उद्याच सगळ्यास्नी सांगतो. अण्णाला, भावकीला, समद्यांना."

"सांगा की," रुपाली म्हणाली. "पन आत्या मला गाडी मोडलेली सून समजूनच गेल्या."