काकांची तलफ

तलफ हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला तो नक्की पुरुष असणार आणि त्याच्या गालात तंबाखू असणार. तलफ येते. शिंक येते, झोप येते, तशी आपोआप. ज्याला येते तो बिचारा निर्दोष. माझ्या काकांना ती दिवसातून दहा वेळा यायची आणि अख्खं घर खोळंबायचं. आई पहाटे चुलीमागे बसून मिश्री लावायची. तंबाखू तीच, एकाच दुकानातली. पण तिची ती घाणेरडी खोड. तिला तलफ येते असं आमच्या धावडा गावात कुणी कधी म्हटलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर मला जालन्याला डी.एड.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. अकराच्या आत मूळ कागदपत्रं दाखवायची होती. वडील नव्हते, म्हणून सोबतीला काका. कागदपत्रंही त्यांच्याच पिशवीत, कारण पोरींच्या हातून हरवतात म्हणे.

भोकरदनला एसटी थोडा वेळ थांबली. काकांची तंबाखूची चंची घरीच राहिली होती. ते पिशवीसकट उतरले. कंडक्टरनं घंटी मारली. मी थांबा, थांबा म्हणून विनवलं. तो म्हणाला, "पोरी, उतरायचं तं जल्दी उतर, न्हाईतर गप बस." पिशवीशिवाय जालन्याला जाऊन काय दाखवणार होते, तोंड? उतरले.

काका पानटपरीपुढे उभे होते. तळहातावर चुना, अंगठा मळतोय, आणि चेहरा असा की मुलाखत यांचीच झाली आणि पासही झाले. "काका, गाडी गेली," मी म्हणाले. त्यांनी आधी चिमूट ओठाखाली दाबली, बाजूला थुंकले, मग बोलले, "आगं, तलफ आल्ती. मंग काय करू?"

पुढची गाडी दुपारची होती. अकरा वाजले तेव्हा मी भोकरदनच्या स्टँडवर बसून त्यांचं थुंकणं बघत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला त्यांची आजही किळस येते.

घरी त्यांना कुणी जाब विचारला नाही. तलफेला काय विचारणार? मीच रडत होते, पुढच्या वर्षी पुन्हा जाईन म्हणत होते. काका बाजेवर बसून नवी चिमूट मळता मळता आईला म्हणाले, "वैनी, पोरीला शिकायची लई खाज सुटून राह्यली. लगीन उरकून टाका."

आई खाली मान घालून बरं म्हणाली. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं.