निकेल, कथील आणि कोरडी पुरणपोळी

अख्ख्या वऱ्हाडात पुरणपोळी कोरडी खाणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या चिखलीच्या शाळेत सायन्स शिकवीत असे. मी तिथलाच भूगोलाचा मास्तर. तूप वाढायला कोणी आलं की हे गृहस्थ पानावर आडवा हात धरीत. तापलेल्या तेलात निकेलची भुकटी घालून हायड्रोजन सोडला की तेलाचं तूप होतं, हे ते नागपूरला शिकून आले होते. चिखलीच्या बाजारातले सरकीचे ढीग पाहून त्यांनी शपथच घेतली: सरकीच्या तेलाचं, जिभेवर विरघळणारं तूप जमेपर्यंत दुसरं तूप वर्ज्य. "तुमच्या निकेलच्या पायी सणासुदीले बी मी कोरडंच वाढून राह्यली," असं वहिनी म्हणत. मास्तर मान खाली घालून जेवत.

वजनाच्या बाबतीत तर कहर होता. चहातली साखरसुद्धा ते शाळेच्या काट्यावर तोलून घरी नेत. एकदा वैद्यबुवांनी चिमूटभर सुंठ घ्यायला सांगितली, तर "कोणाची चिमूट?" असं विचारून ते औषध न घेताच उठून आले.

तूप मात्र काही केल्या जमेना. दर रविवारी प्रयोगखोलीत जस्तावर ॲसिड ओतून हायड्रोजन काढायचा, आणि संध्याकाळी वाटीत मेणबत्तीसारखा टणक गोळा. "निकेलला थांबणं माहीत नाही हो," ते कळवळून सांगत. "थोडं तेल घट्ट करावं, थोडं तसंच सोडावं, एवढा पोच नाही त्याला."

शाळेच्या फाटकाशी भांड्यांना कलई करणारे एक चाचा बसत. एका रविवारी मीही तिथे असताना ते खोलीत डोकावले, तो टणक गोळा नखानं खरवडून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं निकेल लय तेज हाय. तांब्यात ताक कळकते, म्हून आपण कलई करतो का नाही? याले बी जरासं कथील दाखवा."

"किती?"

"जरासं म्हन्लं ना!"

मास्तर काटा आणायला वळले, तेवढ्यात चाचांनी कथलाचा कीस चिमटीत धरून निकेलच्या भुकटीत टाकलाही. मास्तर ओरडले, पण भुकटी तेवढीच उरली होती, तीच तापवली, तीच तेलात घातली. संध्याकाळी वाटीत पांढरं, रवाळ, मऊ तूप! आम्ही तिघांनी बोटं चाटली. वास सरकीचा होता, पण जिभेवर ते खरोखर विरघळलं. "चाचा, जमलं बाप्पा!" म्हणताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाचा नुसते "हाव" म्हणाले आणि मिशीला बोट पुसलं. त्या आनंदात चिमूट तोलायचं कोणालाच सुचलं नाही.

उठताना ते ध्यानात आलं, आणि चाचांनी पुन्हा चिमूट घ्यायची नि ती तोलायची, असं पुढच्या रविवारी करायचं ठरलं. गुरुवारी चाचांना ताप भरला, आणि रविवारी आम्ही त्यांच्या मातीला गेलो.

नंतर मास्तरांनी कथील काट्यावर तोलून अर्धा ग्रेन घालून पाहिलं, एक घालून पाहिलं, दीड घालून पाहिलं. कधी गोळा व्हायचा, कधी तेलच राहायचं. पोळ्याच्या सणाला ते आमच्याकडे जेवायला होते. तूप आलं, हात आडवा आला. मी वैतागलो. "अहो, शपथ पुरी झाली ना? एकदा जमलं होतं की!"

"ते चाचांचं जमलं," ते म्हणाले. "माझं कुठं?"

पुढे एकदा त्यांची प्रयोगवही माझ्या हाती पडली. पानापानावर ग्रेनचे आकडे. त्या रविवारच्या ओळीत मात्र आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'कथील: एक चिमूट', आणि खाली बारीक अक्षरात, 'चाचांची'. त्यानंतर मी त्यांना तुपाचा आग्रह केला नाही.