साळ्याचा मेंढा आणि घरातले तीन डॉक्टर

माझ्या साळ्यानं विश्वासानं दोनच गोष्टी माझ्या हवाली केल्या: आपली बहीण आणि आपला मेंढा. बहिणीची त्यानं मागाहून कधी चौकशी केली नाही.

आमच्याकडे धानाची शेती आणि मूठभर मेंढ्या. मेंढा नाही. म्हणून जिवतीच्या पहाडावरून साळा, म्हणजे देवराव, हंगामापुरता आपला मेंढा पिकअपमध्ये घालून आणून देतो. गळ्यात घंटी, पायात काळा दोरा, चाल जमीनदाराची. तो उतरला तेव्हाच माझी बायको सुमन मला म्हणाली, "अजी, याले काही झालं तं मी कोणत्या तोंडानं माहेरी जाऊ?"

झालंच. थोड्या दिवसांत मेंढ्याच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. पाठीचं हाड वर आलं, लेंड्या पातळ झाल्या. पोटात जंत झाले, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. प्रश्न उपायाचा होता. घरात माणसं तीन, आणि उपायही तीन.

"पयसाच्या बिया कुटून गुळात दे," माझी माय म्हणाली. पयस म्हणजे पळस. "जंत गोडाले भुलते अन् फसते."

"तो जमाना गेला, माय," सुमन म्हणाली. "मी दवाखान्यातून बाटली आणतो."

मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता: ताकात लसूण, ओवा आणि कडुनिंबाचा पाला. (सांगणारा इतक्या ठसक्यात बोलत होता, की त्याच्याकडे मेंढ्या आहेत का, अशी शंकासुद्धा आली नाही.) तास दीड तास भांडण झालं आणि मग एकाएकी तिघंही "तुमचंच खरं" म्हणून गप्प बसलो. आमच्या घरात एवढा समजूतदारपणा दिसला की काहीतरी शिजतंय हे ओळखावं. मी ओळखलं नाही, कारण मीही शिजवतच होतो.

सुमन बाटली घेऊन आली. दवाखान्यात मेंढ्याचं वजन विचारलं, तर हिनं सांगितलं, "आमच्या यांच्याहून थोडा कमी, पण अंगात ताकद जास्त." तेवढ्यात देवरावचा फोन आला: उद्या दुपारी मेंढा पाहायला येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंढा हलका होत गेला आणि अंगण जड. झाडू कुठून सुरू करावा हे कळेना. शेवटी तो तुळशीपाशी आडवा झाला.

"म्या तं चिमूटभरच देल्ली," माय हळूच बोलली.

"काय देल्ली?"

"पयसाची बी."

सुमनचा चेहरा उतरला. "अन् मी सकाळीच बाटली पाजली."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी काही नाई. ताक."

"निस्तं ताक?"

"निस्तं नाई," मी म्हणालो.

पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या मुक्या जनावराचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा मला खरंच रडू आलं. तो जगावा, असं मनापासून वाटत होतं. बाहेर मोटारसायकल थांबली तेव्हा तर मीही जगावं असं वाटलं.

देवराव राम राम न करता थेट मेंढ्यापाशी बसला. पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक. गुळमिठाचं पाणी मागून त्यानं घोट घोट पाजलं. औषधांची हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाला, "याले चारायले कोण नेते?"

माय तुळशीकडे पाहायला लागली. सुमन माझ्याकडे.

"कुठी नेता, भाऊजी?"

"बोडीवर," मी म्हणालो. बोडी म्हणजे आमचं धानाचं लहान तळं.

"कवा?"

"पहाटेच. दिवस निघाला का मंग कामं असते."

खरं कारण सुमननं सांगितलं. गावात मोबाईलचं नेट फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मिळतं, आणि पहाटे ते चांगलं धावतं. मी पाळीवर व्हिडिओ पाहत बसायचो, मेंढा खाली दहिवरानं ओलं झालेलं गवत खायचा. दहिवर वाळल्याबिगर मेंढरू सोडू नये, पाणथळीत तर नाहीच नाही, हे आमच्या पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. जंत त्या ओल्या गवतातूनच पोटात जातात.

"म्हणजे," देवराव शांतपणे म्हणाला, "दवा तिघं पाजून राह्यले अन् जंत एकटे भाऊजी चारून राह्यले."

मेंढा वाचला. सुकं कुटार खाऊन सावरला आणि बरा होताच पहिली टक्कर त्यानं मला दिली. देवरावनं पुढच्या हंगामाला मेंढा द्यायचंही कबूल केलं, पण एका अटीवर: "मेंढा इथी असन तवर भाऊजी माह्याकडे राहतीन." कोणीतरी आढेवेढे घेईल म्हणून मी वाट पाहिली. सुमन माझी पिशवी भरायला आत गेली होती.

आता दरवर्षी पिकअपमधून मेंढा उतरतो आणि मी चढतो. घरचे म्हणतात, या अदलाबदलीत आपला फायदा आहे. देवराव मात्र अजूनही घासाघीस करतो.